विश्लेषण : औषधांना न जुमानणारी धडधड ‘अॅब्लेशन’ने थांबते का?

पुण्यातील मोठ्या रुग्णालयांच्या कॅथ लॅबमध्ये अँजिओप्लास्टीच्या जोडीने आता ठोक्यांच्या बिघाडावरील ‘कॅथेटर अॅब्लेशन’ही होते. त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. मात्र हा उपचार प्रत्येक रुग्णाला सारखाच लागू पडत नाही आणि तो स्वस्तही नाही.

ठोके का बिघडतात?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील सायनस नोडमधून निघालेला विद्युत संदेश एव्ही नोडमार्गे खालच्या कप्प्यांत पोहोचतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. काहींच्या हृदयात जन्मतःच एक जादा वाट असते किंवा एव्ही नोडजवळ दुहेरी वाट असते. संदेश त्यात गोल फिरू लागला, की ठोके एकाएकी दीडशेच्या पुढे जातात. हा ‘एसव्हीटी’. ईसीजी काढेपर्यंत धडधड थांबलेली असते, त्यामुळे अनेकदा ती ‘टेन्शन’ किंवा ‘अॅसिडिटी’च्या खात्यावर जमा होते.

‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये (एएफ) वरचे कप्पे नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. या रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

अॅब्लेशनमध्ये काय करतात?

जांघेतील शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात. आधी ‘ईपी स्टडी’ करून बिघाडाची जागा शोधतात. मग रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने किंवा अतिथंड वायूने तेवढाच भाग निकामी करतात. या पद्धतीचा पहिला वापर १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी केला. तेव्हा थेट विजेचा झटका दिला जाई. १९९८ मध्ये बोर्दो येथील डॉक्टरांनी दाखवले, की एएफची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत पडते. त्यानंतर या शिरांना विद्युतदृष्ट्या वेगळे पाडणे हा उपचाराचा पाया ठरला. अतिसूक्ष्म काळाच्या विद्युत स्पंदनांवर चालणाऱ्या ‘पल्स्ड फील्ड’ तंत्राला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली.

खात्री किती?

एसव्हीटीच्या बहुतेक प्रकारांत ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण एकाच प्रक्रियेत बरे होतात आणि रोजच्या गोळ्याही सुटतात. एएफमध्ये इतकी खात्री नाही. काहींना पुन्हा अॅब्लेशन करावे लागते. २०१९ मधील ‘कॅबाना’ चाचणीत २,२०४ रुग्ण होते. मृत्यू, पक्षाघात यांसारख्या गंभीर परिणामांत औषधे आणि अॅब्लेशन यांच्यात मुख्य विश्लेषणानुसार ठोस फरक दिसला नाही. त्रास मात्र अॅब्लेशनने अधिक कमी झाला. हृदय अशक्त झालेल्या एएफ रुग्णांत, २०१८ च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत मृत्यूही घटले. झडपेचा आजार असल्यास आधी त्याचा विचार करावा लागतो.

धोके कोणते?

जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साठणे, क्वचित पक्षाघात. एव्ही नोडला इजा झाल्यास पेसमेकर बसवावा लागतो. प्रमाण कमी असले, तरी धोका शून्य नाही. एएफ थांबला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपणहून बंद करणे घातक ठरू शकते. वय, रक्तदाब, मधुमेह पाहून तो निर्णय डॉक्टर घेतात.

खर्चाचे काय?

खर्चाचा मोठा भाग कॅथेटर आणि त्रिमितीय मॅपिंगच्या साहित्याचा असतो. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा आली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या उपचारांना आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते. आपली प्रक्रिया यादीत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून तपासावे. पुण्यातील अनेक मोठी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ही सवलत मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

रुग्णाने काय करावे?

धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून तो कागद जपून ठेवावा, निदानाची निम्मी वाट त्यातच असते. अॅब्लेशन सुचवल्यास नेमका प्रकार कोणता, यशाची शक्यता किती, पुन्हा करावे लागेल का आणि गोळ्या सुटतील का, हे चार प्रश्न विचारावेत. धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.