काठावरची अंडी

बॅकअप नसलेली सिस्टीम किती नाजूक असते हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. पण मंडळी, अख्ख्या प्रजातीची मदार एकाच मादीवर असेल तर?

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. ब्लॅक रॉबिन हा तिथला चिमणीएवढा, काळाकुट्ट, गाणारा पक्षी. जगात दुसरीकडे कुठेच नाही. माणसांबरोबर उंदीर-मांजरं आली, जंगलं तुटली आणि १९८० साली उरले फक्त ५ पक्षी! त्यात पिल्लं देणारी जोडी एकच. मादीच्या पायात निळं कडं, म्हणून तिचं नाव ओल्ड ब्लू.

डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यात उबवायला ठेवली. घरटं रिकामं दिसलं की ती पुन्हा अंडी घालायची. आज हे पक्षी अडीचशेच्या आसपास आहेत, आणि झाडून सगळे तिचेच वंशज.

मला मात्र या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काही माद्या अंडं घरट्याच्या काठावरच घालू लागल्या. असं अंडं उबत नाही, वाया जातं. तेव्हा एकेक अंडं मोलाचं, म्हणून माणसं ते हळूच आत सरकवायची. पण ही खोड आनुवंशिक निघाली! १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालत होत्या. २०१३ साली यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. निसर्गाने गाळला असता तो बग आपणच हाताने पुढच्या पिढीत ढकलत होतो.

"बघा, म्हणूनच निसर्गात ढवळाढवळ नको" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मांजरं सोडताना ढवळाढवळ चालते, अंडं वाचवताना नाही, हा कुठला न्याय? मोजकेच पक्षी उरले असताना अंडं सरकवणं बरोबरच होतं.

पण संख्या सावरल्यावर ते थांबवणंही तितकंच बरोबर होतं. अंडं डोळ्यांदेखत वाया जातंय आणि आपण हात मागे घ्यायचा, हे सोपं नाही. हात मागे घेतले, आणि काठावरच्या अंड्यांचं प्रमाण उतरत गेलं.

हॉटफिक्स टाकायला आपण सगळेच तयार असतो. तो कधी काढायचा, हे मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवतं. प्रजाती वाचवताना तरी ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवं.