अपुऱ्या मिस्साचे उपकारकर्ते

मोझार्टच्या सी मायनर मिस्साचा (वसईकडचे कॅथलिक 'मिस्सा'च म्हणतात, म्हणून तोच शब्द येथे घेतला आहे) विषय निघाला की 'अरेरे, अपुरा राहिला' असा सुस्कारा टाकण्याची रीत आहे. ही हळहळ मला संशयास्पद वाटते. तिच्याच आडून संगीत-महोत्सवांत एक निराळी वस्तू श्रोत्यांच्या गळी उतरवली जाते.

आधी वस्तुस्थिती पाहू. २६ ऑक्टोबर १७८३ रोजी साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठाच्या चर्चमध्ये ही रचना प्रथम गायिली गेली, आणि सोप्रानोचे भाग गाण्यात मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे होती. साल्झबुर्ग महोत्सवाने १९२०च्या दशकापासून त्याच चर्चमध्ये ती पुन्हा पुन्हा सादर केली आहे. किरिए आणि ग्लोरिया सिद्ध आहेत, क्रेडो अर्ध्यात थांबतो, आग्नुस देई नाहीच. मोझार्ट वारला १७९१ मध्ये. म्हणजे पुरती आठ वर्षे त्याच्या हाताशी होती. रेक्विएमची गोष्ट वेगळी. तेथे लेखणी मृत्यूने काढून घेतली. येथे ती रचनाकारानेच खाली ठेवली. इतकेच नव्हे, तर १७८५ मध्ये किरिए-ग्लोरियाचे संगीत उचलून त्याने 'दाविदे पेनितेन्ते' या इटालियन शब्दांच्या रचनेत बसवले. जुन्या घराचे वासे काढून नवे घर उभारणाऱ्याला जुनेच घर पुरे करायचे होते, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

क्रेडो थांबतो ती जागा तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. देवाने मानवदेह धारण केला, या वाक्यावर एकटी सोप्रानो, आणि तिच्या सोबतीला बासरी, ओबो व बासून. कंठ आणि ही तीन सुषिर वाद्ये एकमेकांना अशी बिलगून चालतात की शब्दाचा अर्थ लावण्याची गरजच उरत नाही. तंतुवाद्यांच्या ओळी मात्र बव्हंशी कोऱ्या. पुढचे वाक्य क्रुसाचे, आणि ते मोझार्टने लिहिलेच नाही. अवतारापाशी थांबलेला हा क्रेडो धर्मशास्त्राच्या दृष्टीने सदोष असेल. पण सुज्ञ वाचकाला त्या थांबण्यात विचार करण्याजोगे काही दिसू नये, हे नवल आहे. १९०१ मध्ये आलोइस श्मिटने मोझार्टच्याच इतर धार्मिक रचनांतले तुकडे जोडून ही पोकळी बुजवली, आणि आग्नुस देईच्या शब्दांना किरिएचे संगीत दिले. २००५ मध्ये रॉबर्ट लेव्हिनची नवी पूर्तता न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. लेव्हिन विद्वान आहे, आणि आपले काम तो आपल्या नावानेच मांडतो. तक्रार त्याच्याविषयी नाही. तक्रार आहे ती अशा पूर्तता गाऊन बाहेर ठळक अक्षरांत केवळ 'मोझार्ट' छापणाऱ्यांविषयी.

यावर ठरलेले उत्तर असे, की मिस्सा हा विधी आहे आणि विधी अर्धा सोडता येत नाही. मान्य. परंतु विधीत उरलेले शब्द साध्या चर्चगीताने किंवा धर्मगुरूच्या उच्चाराने भरून निघतात. त्यासाठी वाद्यवृंद लागत नाही. महोत्सवात तिकिटे असतात, श्रोते असतात, बहुधा विधी नसतो. मग विधीची सबब कशाला? सोयीनुसार कधी मंदिर, कधी मैफल, असे दोन दगडांवर पाय ठेवता येणार नाहीत.

पाठचिकित्सा शिकलेल्याला एक भेद मात्र सांगायलाच हवा. सांक्तुसची मूळ स्वरलिपी संपूर्ण हाती नाही. उरलेली पाने आणि नंतरची नक्कल यांवरून संपादक ती पुन्हा उभी करतो. हे संपादन. पुण्यात १९१९ ते १९६६ या काळात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही याच शिस्तीने. प्रक्षिप्त भाग तिने जाळला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. मोझार्टने कधीच न लिहिलेला आग्नुस देई रचणे हे संपादन नव्हे. ती नवनिर्मिती आहे, आणि नवनिर्मितीला कर्ता लागतो.

शिवाय आपल्याला हे नवे का वाटावे? ज्या ग्रंथावरून मराठीत एका वाङ्मयप्रकाराचेच नाव पडले, ती बाणाची 'कादंबरी' अपुरीच आहे. ती त्याच्या मुलाने पुरी केली. पण परंपरेने पूर्वभाग बापाचा, उत्तरभाग मुलाचा, ही शिवण कधी उसवली नाही की झाकलीही नाही. उत्तरभाग वाचताना आपण बाणाला वाचतो आहोत, असा समज कोणताही संस्कृतचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना करून देत नाही.

एवढेच महोत्सवांनी करावे. मोझार्टचे हस्ताक्षर कोठे संपते, ते कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच पानावर छापावे. लेव्हिन गायचा असेल तर लेव्हिनचे नावही त्याच आकारात. आणि अधूनमधून एखाद्या वर्षी बेनेदिक्तुसनंतरच्या होसान्नापाशी संचालकाने हात खाली घ्यावा. टाळ्या कधी वाजवायच्या याचा श्रोत्यांचा थोडा गोंधळ होईल, होऊ द्यावा.