त्रैक्य म्हणजे त्रिमूर्ती नव्हे

एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आले आहे : ‘ख्रिस्ती धर्मातही आपल्यासारखीच त्रिमूर्ती आहे.’ फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर (१६१६) प्रश्न असला की ते हमखास उमटते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ते आम्हां प्राध्यापकांच्या टिपणांतून उचलले आणि आम्ही आमच्या गुरुजनांच्या. सौजन्यापोटी चालत आलेल्या या चुकीला आता चूक म्हटले पाहिजे.

त्रिमूर्तीच्या रूढ कल्पनेत कामांची वाटणी आहे : ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू पाळतो, महेश संहारतो. त्रैक्याचा सिद्धान्त नेमकी हीच वाटणी नाकारतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा परस्परांहून भिन्न आहेत; तरी त्यांचे सत्त्व एक आणि सृष्टीतील कार्यही अविभाज्य, असे तो सांगतो. यावर कोणी म्हणेल, त्रिमूर्ती ही तरी अखेर एकाच तत्त्वाची तीन रूपेच ना? पण त्रैक्याचा असा अर्थ तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावाशी जोडला गेला आणि चर्चने त्याला पाखंड ठरवले. म्हणजे आमचे हे लाडके साम्य एका टोकाने धरावे तर तीन देव पदरात पडतात, दुसऱ्या टोकाने धरावे तर साबेलियस! मूळ सिद्धान्त या दोहोंमधल्या अरुंद वाटेवर उभा आहे आणि ती वाट आखताना खुद्द ख्रिस्ती जग दुभंगले.

अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक आरियस याचे म्हणणे होते, की पुत्र श्रेष्ठ खरा, पण तोही निर्मिलेलाच. ३२५च्या निकाया परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा आहे, असे घोषित करून आरियसला बहिष्कृत केले. वाद मात्र शमला नाही. पुढे ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सदृश सत्त्वाचा, असा पर्याय आला. ग्रीक लिपीत दोन शब्दांत फरक एका ‘आयोटा’चा. ऱ्हस्वदीर्घासाठी गुण कापणाऱ्या आम्हांला तरी एका अक्षराचे मोल कळायला हवे.

शब्दांचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. ग्रीक भाषक ‘तीन हायपोस्टॅसिस’ म्हणत. त्या शब्दाचे अक्षरशः लॅटिन केले तर ‘सब्स्टॅन्शिया’, म्हणजे सत्त्व, असे होते. त्यामुळे पश्चिमेकडच्यांना त्यात तीन देव ऐकू येत. लॅटिन भाषक ‘पर्सोना’ म्हणत. त्याचा जुना अर्थ मुखवटा, म्हणून पूर्वेकडच्यांना त्यात साबेलियस दिसे. ३६२च्या अलेक्झांड्रियाच्या धर्मसभेत अथनेशियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पक्षांना, तुमच्या शब्दाचा तुम्ही अर्थ काय करता, असे विचारले. समीक्षेचा याहून चांगला पहिला धडा आम्हांला ठाऊक नाही.

आता मराठीकडे पाहू. आपण ‘तीन व्यक्ती’ लिहितो. संस्कृतात ‘व्यक्ति’ म्हणजे प्रकट होणे. आजच्या मराठीत तो एक स्वतंत्र माणूस. पहिला अर्थ साबेलियसकडे नेतो, दुसरा तीन देवांकडे. शब्दार्थाची ही अडचण आम्ही वर्गात कधी मांडली आहे काय?

या मतभेदांची किंमत माणसांनी मोजली आहे. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की ‘पुत्रापासूनही’, या पाश्चात्त्यांनी श्रद्धासूत्रात घातलेल्या जोडशब्दावरून रोम आणि कॉन्स्टँटिनोपल दुरावले. १०५४च्या फुटीच्या कारणांत तोही एक होता. त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले, तेही प्रॉटेस्टंटांकडून. आजही यहोवाचे साक्षीदार त्रैक्य मानीत नाहीत, तर ‘वननेस’ पेंटेकोस्टल पंथीयांना येशूच्या नावातच संपूर्ण देव दिसतो.

आणि हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या साहाय्याने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. शिंदे आम्ही शिकवतो. पण युनिटेरियन म्हणजे कोण, हे ‘एकेश्वरवादी ख्रिस्ती’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. मग उरलेले ख्रिस्ती अनेकेश्वरवादी काय? एक देव दोघेही मानतात. त्या एकत्वात त्रैक्याला जागा आहे की नाही, हा त्यांचा वाद आहे. तो कळल्याशिवाय प्रार्थनासमाजी शिंद्यांना हेच ख्रिस्ती जवळचे का वाटले, हे कळणार नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, साम्ये दाखवल्याने धर्म जवळ येतात. उगाच भेद कशाला उकरायचे? हा युक्तिवाद सद्भावनेचा असला तरी आम्हांला मान्य नाही. ज्या भेदासाठी कोणी हद्दपार झाला, कोणी चितेवर चढला, तो भेद पुसून ‘आपल्यासारखेच’ म्हणणे हा आदर नव्हे. ते न ऐकताच मान डोलावणे आहे. शिवाय त्यात त्रिमूर्तीवरही अन्याय होतो. तिचा स्वतःचा इतिहास आणि शैव-वैष्णवांचे तीविषयीचे मतभेद आम्ही तितक्याच सहज गिळून टाकतो.

यंदा ‘ख्रिस्तपुराण’ शिकवताना आम्ही ‘त्रिमूर्ती’ हा शब्द फळ्यावर लिहिणार आहोत आणि विद्यार्थ्यांनाच विचारणार आहोत, की तो इथे का बसत नाही. उत्तर शोधण्यात एक तासिका गेली तरी चालेल. आजवर आम्ही याहून पुष्कळ तासिका ते चुकीचे वाक्य उतरवून देण्यात घालवल्या आहेत.