डिझेलशी जुळवून घेताना

मोटार बदलली की माणसाची दोन प्रकारच्या लोकांशी गाठ पडते. एक सांत्वन करणारे, दुसरे अभिनंदन करणारे. मी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ही वेगवान मोटार विकून डिझेलवर चालणारी, तीन वर्षे वापरलेली ह्युंदाई व्हर्ना घेतली, तेव्हा पहिल्या वर्गातील एका स्नेह्यांनी आवाज खाली आणून, 'धंद्यात काही कमीजास्त तर नाही ना?' असे विचारले. दुसऱ्या वर्गातील मंडळींनी, 'चला, वयाप्रमाणे शहाणपण आले,' म्हणून पाठीवर थाप मारली. मला यांपैकी कोणाचेच म्हणणे पटत नाही. ती गाडी ठेवण्यात वेडेपणा नव्हता आणि विकण्यात पराक्रमही नाही. परंतु या दोन्ही वर्गांच्या बोलण्यामागे मोटारीचे मोल ठरविण्याची जी एक रीत आहे, ती मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

ही रीत सेकंदांची आहे. उभ्या गाडीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठला, यावरून तिची जात ठरते. आरएसला त्यासाठी ६.८ सेकंद पुरतात, असे कंपनीचे म्हणणे होते. माझ्या आताच्या गाडीला दहा-अकरा लागतात. पहिलीची शक्ती २३० अश्वशक्ती, दुसरीची ११५. म्हणजे बरोबर निम्मी. २०१७ साली आरएस आपल्याकडे आली ती पाचशेच गाड्यांच्या हिशेबाने, आणि किंमत पंचवीस लाखांच्या घरात. एवढे आकडे ऐकले की ऐकणारा मनात वजाबाकी करतो आणि मला सहानुभूती दाखवून मोकळा होतो.

सहानुभूती दाखवायला आम्हां इंदूरकरांना तर ऐतिहासिक अधिकारच आहे म्हणा! या शहराने खरी वेगवान मोटार पाहिली आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५-३६ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून आठ सिलिंडरांची गाडी मागविली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन माणसांपुरता साज चढविला. त्या इंजिनात हवा दाबून भरण्याचे यंत्र होते आणि कंपनी त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगे. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ३२० अश्वशक्ती म्हणजे केवळ ऐट. परंतु ज्याने माणिकबागेसारखा राजवाडा एकार्ट मुथेसियसकडून जर्मन नव्या धाटणीने बांधवून घेतला, त्याच्या ऐटीला रसिकतेची जोड होती हे कबूल केले पाहिजे.

गंमत पाहा. त्याच सुमारास, १९३६ साली, मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात २६० डी नावाची डिझेल मोटार मांडली. शक्ती किती, तर ४५ अश्वशक्ती. ती कोणी घेतली? मुख्यतः टॅक्सीवाल्यांनी. म्हणजे डिझेल मोटारीच्या कपाळी टॅक्सीचा शिक्का जन्मतःच मारला गेला. आपल्याकडेही पुढे डिझेलची अँबॅसडर आली तीही टॅक्सी होऊनच रस्त्यावर उभी राहिली. ज्या शहराने एकेकाळी काळा धूर सोडीत धावणारे टेम्पो पाहिले, त्याने डिझेलला मान द्यावा अशी अपेक्षा करणेही चूकच.

आता सवयीचे सांगतो, कारण लोक त्याविषयीच विचारतात.

पहिली अडचण डाव्या पायाची. आरएसचे गिअर आपोआप बदलत. दोन क्लच होते खरे, पण दोन्ही गाडीच्या ताब्यात. नव्या गाडीत एकच क्लच, पण तो माझ्या ताब्यात. कित्येक वर्षे स्वस्थ बसलेल्या पायाला पलासियाच्या चौकात एकदम काम लागले. पहिले काही दिवस संध्याकाळी गुडघा दुखे. दुसरी अडचण कानाची. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की पहिला एक मिनिट ती अशी कडकडते, की शेजारचे कुत्रे उठून बसते. मग आवाज खाली येतो. परंतु पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा चढत जाणारा जो सूर असतो, तो इथे नाही. इथे ठेका आहे, सूर नाही. पंपावरच्या मुलाने सवयीने पेट्रोलची नळी उचलली, की मी आता काच खाली करण्याआधीच ओरडतो, 'भिया, डीजल!' ही मात्र गाडीची नव्हे, माझीच नवी सवय.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि तीत इंधन फवारले की ते पेटते. रुडॉल्फ डिझेलने हे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चालवून दाखविले. तेव्हापासून त्यात सुधारणा अपार झाल्या, पण मूळ युक्ती तीच. एवढा दाब सोसायचा म्हणजे आतले सगळे भाग दणकट आणि जड हवेत, आणि जड भाग फार जलद फिरत नाहीत. म्हणून पेट्रोलचे इंजिन मिनिटाला सहा हजारांहून अधिक फेरे उत्साहाने घेते, तिथे डिझेल चार हजारांशीच दमते. माझ्या गाडीची खरी ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात ती, दीड हजार ते पावणेतीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान आहे. त्याच्या खाली ती पेंगते, त्याच्या वर कण्हते. आरएसची ओढ दीड हजारापासूनच सुरू होई आणि साडेचार हजारांच्याही पुढे चाले, मग अंगात नवे बळ येऊन ती आणखी वर जाई.

माझा मुद्दा इथेच आहे. दोन्ही गाड्यांची पंगत एकाच ठिकाणी, दीड हजार फेऱ्यांशी, सुरू होते. आरएसचे ताट मोठे, वाढपही सढळ, हे खरेच. पण राजवाडा, पलासिया, विजयनगर, फार तर राऊपर्यंतचा रस्ता या सगळ्यांत मिळून मी त्या ताटातले पहिले दोन घासच खात असे. उरलेले पक्वान्न मानपूरकडच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे सहाला कधीतरी चाखायला मिळे. आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने तर चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी शंभर किलोमीटरची आणि शहरातल्या रस्त्यावर सत्तरची हद्द घातली. गाडी २५० चा वेग घेऊ शकते, हे वाक्य अशा वेळी दागिन्यासारखे असते. लॉकरमध्ये आहे, एवढेच समाधान.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, शक्ती ही नुसती चैन नव्हे. पुढच्या ट्रकला ओलांडताना ती जीव वाचविते. खरे आहे. दुपदरी रस्त्यावर समोरून गाडी येत असता जितका कमी वेळ उलट्या बाजूला काढावा लागेल तितके बरे. परंतु माझा अनुभव असा, की शक्ती हाताशी असली म्हणजे माणूस ज्या जागा मुळात ओलांडण्याच्या नाहीत त्याही जागा समजू लागतो. डिझेलमध्ये मी तिसरा गिअर आधी टाकतो, टर्बो जागा होण्याची वाट पाहतो, वळणापलीकडचे झाड दिसते का ते पाहतो आणि मग निघतो किंवा निघत नाही. पूर्वी निर्णय आधी होई आणि पाहणे नंतर. दोन्हींत कौशल्य आहेच, पण ते निरनिराळे आहे. आणि दुसऱ्या प्रकारचे कौशल्य सेकंदांच्या कोष्टकात कोठेही लिहिलेले नसते.

मी गाडी का बदलली हे अजून सांगितलेले नाही. माझे थोरले बंधू धुळ्यास असतात. एस.टी.च्या कार्यशाळेत डिझेलची इंजिने उघडण्यात आणि मिटविण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या औषधोपचारासाठी दर महिन्याला इंदूर-धुळे आणि परत, असे माझे सुरू झाले. एका बाजूचे अंतर अडीचशे किलोमीटर. आरएसची बैठक खोलगट, दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी. स्प्रिंगा कडक, टायर पातळ. रस्ता कसा आहे हे ती चालवणाऱ्याला अक्षरशः सांगत असते, आणि हाच तिचा गुण. परंतु आजारी माणसाला रस्ता कसा आहे हे समजून घ्यायचे नसते. दादांना तीतून उतरवायला वहिनी आणि मी असे दोघे लागत. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. फक्त बिजासन घाट चढून सेंधवा आले की, 'जरा थांबू या का,' म्हणत.

नव्या गाडीतल्या पहिल्याच फेरीत दादा सेंधव्याला झोपलेले होते. खलघाटला नर्मदेचा पूल आला तेव्हा जागे झाले, हात जोडले आणि थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाले, 'अरे, तू हिला उगाच रेटतोस. डिझेल ओरडत नाही, कण्हते. कण्हायच्या आधी गिअर टाक.' झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले आहेत. एवढे बोलायला त्यांना वेळ लागला. त्या दिवशी भेरू घाटात मी दोन हजारांवर गिअर बदलत गेलो आणि गाडी, तिच्या मानाने, सुरेख चढली. जे मी महिनाभर पेट्रोलच्या सवयीने करीत होतो ते त्या कानांना पाच मिनिटांत कळले होते. त्या प्रवासापासून मी गाडीत गाणी लावणे बंद केले आहे. ठेका ऐकावा लागतो.

खर्चाचेही बोललेच पाहिजे, कारण त्याशिवाय मध्यमवर्गीय मराठी वाचक पान उलटणार नाही. आरएस मला शहरात आठ-नऊ किलोमीटर देई; ही अठरा देते, धुळ्याच्या रस्त्यावर बावीसच्याही वर जाते. परंतु 'डिझेल स्वस्त' हा समज आता जुना झाला आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते आणि म्हणूनच त्या वर्षांत जो तो डिझेलच्या मागे धावला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारने मोकळे केले आणि ती गंमत ओसरली. आज वाचते ते भावामुळे नव्हे, इंजिन कमी पिते म्हणून.

आणि धूर? इथे मी माझ्या गाडीची वकिली करणार नाही. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर पटकावणाऱ्या आमच्या शहराला रस्ते झाडता येतात. हवा झाडता येत नाही. डिझेलच्या धुरातले कण आणि नायट्रोजनचे वायू फुप्फुसाला वाईट, यात वाद नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची जी लबाडी उघडकीस आली, ती याच वायूंची होती: तपासणीच्या वेळी इंजिन सभ्य वागे, रस्त्यावर मोकाट सुटे. माझी आरएस ज्या घराण्यातली, त्याच घराण्याची ही कथा. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नवे कडक नियम आले. त्यांत बसणारे डिझेल इंजिन बांधणे लहान गाड्यांना परवडेना, तेव्हा मारुतीने डिझेल सोडले. २०२३ मध्ये व्हर्नाचे आणि होंडा सिटीचेही डिझेल गेले. म्हणजे मी ज्या जातीशी जुळवून घेत आहे, ती जातच आटत चालली आहे. सेडान, जिला इंग्रज सलून म्हणतात (आपल्याकडे सलून म्हटले की वस्तरा आठवतो), तिचीही मागणी उंच गाड्यांनी खाल्ली. उलट आरएस २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा आली, शंभरच गाड्या आणि जवळजवळ पन्नास लाख किंमत. त्या दिवशी सांत्वनवाल्या स्नेह्यांचा फोन आला होता. मी छायाचित्रे पाहिली. गाडी देखणी आहे. तिचा सूर मला आजही आठवतो आणि तो आठवतो हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

राहता राहिली एक बाब, जी विकत घेताना कोणी सांगत नाही. नव्या नियमांच्या डिझेल गाडीत धुराचे कण अडवून धरणारी एक गाळणी असते. ती भरली की आतली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने, न थांबता चालवावी लागते. शहरातल्या थांबत-थांबत चालण्याने ती जळत नाही. मग समोर पिवळा दिवा लागतो. अशा वेळी मी पहाटे उठून राऊ, महू करीत मानपूरपर्यंत जाऊन येतो. पूर्वी याच रस्त्याने याच वेळी जात असे तेव्हा घरात, 'कशाला?' म्हणून विचारले जाई आणि माझ्याजवळ उत्तर नसे. आता गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातच लिहिलेले आहे. सौभाग्यवती अंथरुणातूनच विचारतात, 'पुन्हा दिवा लागला वाटतं?' मी हो म्हणतो. दर वेळी तो लागलेला असतोच असे नाही.