लाल गोळीच्या आधी

दादरा-नगर हवेलीच्या डोंगरपट्टीतली, खानवेल, दुधनी, मांदोणीकडची बाई रक्त तपासून घ्यायचे म्हणून आरोग्य केंद्रात सहसा येत नाही. चक्कर येते, चढ चढताना धाप लागते, पायांत गोळे येतात, म्हणून येते. रक्त कमी असल्याचे तिथे कळते आणि त्याचे कुणालाच, तिलासुद्धा, नवल वाटत नाही. मला या सवयीचीच भीती वाटते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दादरा-नगर हवेलीत १५ ते ४९ वयाच्या ७९.५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. २०१९-२१ मध्ये हा आकडा ६२.५ टक्के झाला. पण तोवर दमण-दीव याच प्रदेशात विलीन झाले होते. त्यामुळे ही सारी घट डोंगरपट्टीत झाली, असे मी तरी मानणार नाही.

रक्त कमी दिसले की लोहाची लाल गोळी द्यायची, ही रीत बहुतेकींच्या बाबतीत बरोबरच आहे. ताटात भात जास्त, डाळ-भाजी कमी, जेवणावर लगेच चहा, पोटात जंत, एका बाळंतपणातून सावरण्याआधी दुसरे. लोह उरणार कुठून? पण वारली, कोकणा, धोडिया समाजांत सिकलसेलही आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. हा आजार लोहाने बरा होत नाही. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच साठलेले असते. तिथे लोहाची कमतरता तपासल्याशिवाय गोळी देणे अपायकारक ठरू शकते. नुसत्या सिकल-वाहक बाईला मात्र लोहाची कमतरता असेल तर गोळी हवीच. हा फरक हिमोग्लोबिनच्या एका आकड्यावरून कळत नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. शिबिरे हवीतच. पण शिबिराच्या दिवशी मजुरीला गेलेली बाई पुढे कधीतरी धाप लागते म्हणून केंद्रात येते, तेव्हाच तिची सिकल चाचणी व्हायला हवी. गोळ्या सुरू केल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा मोजावे. एका ग्रॅमनेही वाढले नसेल, तर ‘गोळ्या खाल्ल्या नसतील’ म्हणून तिलाच बोल लावू नये. मळमळते म्हणून सोडल्या का, हे आधी विचारावे. खाल्ल्या असतील तर कारण शोधावे. आणि पक्क्या निदानासाठी तिचा रोज बुडवून तिला सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात धाडण्यापेक्षा रक्ताचा नमुना तिकडे पाठवावा, अहवाल तिच्या गावच्या आशाताईंकडे यावा.