पडद्यापलीकडचे श्रद्धावंत आणि ध्वनीची जबाबदारी

सन २०२० हे वर्ष सोलापूर जिल्हा सहजासहजी विसरणार नाही. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. ३० जून रोजी संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरी आणण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशीची एकादशी वारकऱ्यांनी आपापल्या घरीच साजरी केली. त्यापूर्वी २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य संत पेत्राच्या चौकातून जगाला आशीर्वाद दिला होता. जगभरातील ख्रिस्ती कुटुंबांनी तो घरातील पडद्यासमोर बसून स्वीकारला.

महामारी ओसरली, ख्रिस्तमंदिरांची दारे उघडली. परंतु थेट प्रक्षेपण थांबले नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आप्त आणि नोकरीनिमित्त परगावी गेलेली मुले यांच्यासाठी ते आजही चालू ठेवावेसे वाटते. अशा वेळी सोलापूरसारख्या शहरातील धर्मग्रामापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. निधी मर्यादित असताना आधी कोणते साहित्य घ्यावे?

बहुधा पहिला विचार कॅमेऱ्याचा होतो. आमच्या मते पहिला मान ध्वनीला द्यावयास हवा. चित्र क्षणभर थिजले तरी घरी बसलेला भाविक प्रार्थनेत राहू शकतो. शुभवर्तमानाचा शब्दच तुटला तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, त्यांना तर ध्वनी हाच एकमेव आधार असतो. मागील बाकाजवळ ठेवलेला मोबाईल प्रवचनापेक्षा भिंतींवरून परतणारा नादच अधिक टिपतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा! पवित्र सप्ताह ऐन मार्च-एप्रिलमध्ये येतो, सारे पंखे पूर्ण वेगाने फिरत असतात आणि त्यांची घरघर अखंड ऐकू येते. यावर उपाय एकच : मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ असावा.

येथेच बहुवाहिनी ध्वनिमुद्रणाचे महत्त्व ध्यानी येते. वेदी, वाचनमंच, गायक, की-बोर्ड, तबला या प्रत्येकाचा ध्वनी स्वतंत्र वाहिनीतून मिक्सरमध्ये येतो. मंदिरात तबला मायक्रोफोनविनाही ऐकू जातो, म्हणून सभागृहाच्या कर्ण्यांत तो कमी ठेवतात. तेच मिश्रण जसेच्या तसे प्रक्षेपणाला जोडले, तर घरी तबला जवळजवळ नाहीसाच होतो. डिजिटल मिक्सरवर मंदिरासाठी एक आणि घरच्या श्रोत्यांसाठी दुसरे, अशी दोन मिश्रणे एकाच वेळी करता येतात. भाविकांचे प्रतिसाद टिपण्यासाठी एक मायक्रोफोन वेगळा लावावा. तो कर्ण्यांना न जोडता केवळ प्रक्षेपणाला जोडावा, म्हणजे घरी एकट्या असलेल्या आजींनाही समुदायाचा आवाज ऐकू येतो.

सर्व वाहिन्या स्वतंत्रपणे मुद्रित केल्यास आणखी एक लाभ होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाने १६ वाहिन्यांचे एका तासाचे मुद्रण सुमारे ८ गिगाबाइट जागा घेते. एवढ्या जागेत गायकवृंदाची जुनी मराठी भक्तिगीते पुढील पिढीसाठी जपता येतात आणि मिश्रणातील चुका नंतर सुधारता येतात.

चित्रासाठी आरंभी एक-दोन स्थिर कॅमेरे पुरेत. सन २०१९ मध्ये आलेल्या एटेम मिनीसारख्या छोट्या स्विचरला चार कॅमेरे जोडता येतात. मात्र कॅमेरा व स्विचर यांतून जाताना चित्राला किंचित उशीर होतो आणि ध्वनी आधी पोहोचतो. ओठ व शब्द जुळावेत म्हणून ध्वनीलाही तेवढाच विलंब द्यावा लागतो. इंटरनेट शक्यतो तारेने जोडलेले असावे, त्याचा अपलोड वेग तपासावा आणि वीज गेल्यास काम थांबू नये म्हणून यूपीएस ठेवावा.

साहित्याइतकेच महत्त्व शिस्तीला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात अशी प्रक्षेपणे संयमाने, सन्मानाने व योग्य व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली व्हावीत, असे सांगितले आहे. कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी करू शकत नाही, याची आठवण दैवी उपासना मंडळाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी २०२० च्या पत्रात करून दिली. पापनिवेदनाचे जाणूनबुजून ध्वनिमुद्रण करणाऱ्यास ख्रिस्तसभेतून बहिष्कृत ठरविणारा आदेश १९८८ साली निघाला होता. म्हणून धर्मगुरूंच्या अंगावरील बिनतारी मायक्रोफोन वेदीवरून उतरताच बंद झाला पाहिजे. ही दक्षता यंत्र चालविणाऱ्या युवकांना पहिल्याच दिवशी शिकवावी.

शेवटी, प्रक्षेपण पाहणाऱ्यांची संख्या मोजून समाधान मानू नये. आपल्या धर्मग्रामातील कोण घरातूनच मिस्सा ऐकत आहे, त्यांची नावे धर्मगुरूंना ठाऊक असावीत, त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोहोचावा आणि शेजारच्या भाविकांनी त्यांचे दार ठोठवावे. शब्द स्पष्ट पोहोचविणे हे यंत्राचे काम. त्या शब्दामागून त्यांच्या घरी जाणे हे मात्र आपलेच काम आहे.