चढाला मोटार, की वेगाला?

सायकलीला विजेची मोटार जोडण्याचे साहित्य हल्ली घरबसल्या मागवता येते. त्यामुळे हा विषय आता केवळ शहरी हौशी मंडळींचा राहिलेला नाही. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या गावी तर त्याचा विचार अधिकच गंभीरपणे व्हावयास हवा. परंतु विचाराऐवजी दोन पंथांचा कलकलाट तेवढा ऐकू येतो, आणि आमच्या मते दोन्ही पंथ आडवाटेला लागले आहेत.

पहिला पंथ सोवळ्यांचा. मोटारीने तरुणांच्या पिंढऱ्या सुकतील, असे त्यांचे भाकीत. हा उपदेश बहुधा चारचाकीच्या गादीवरून केला जातो, हे तूर्त सोडून देऊ. पण त्यांनी थोडे गणित करावे. दिघी, वेळास, दिवेआगर या आसपासच्या गावांची बोर्ली ही बाजारपेठ. येथे डोंगराच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरल्या आहेत. माणूस, सायकल व ओझे मिळून १०० किलो वजन, विसात एक असा चढ आणि ताशी १० किलोमीटर गती धरली, तर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यास सुमारे १३५ वॅट शक्ती लागते. सामान्य माणसाचे पाय दीर्घकाळ १०० वॅटही देत नाहीत. ही तूट खरी आहे. ती मोटारीने भरून काढणे यास आळस म्हणावयाचे, तर विहिरीवरचा रहाटही आळसच ठरेल!

दुसरा पंथ वेगवाद्यांचा, आणि खरा धोका त्यांच्यापासून आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी व वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल, आणि मान्य चाचणीसंस्थेने ते पारखलेले असेल, तर तसे वाहन मोटार वाहन समजले जात नाही. ही मर्यादा म्हणजे सरकारी कद्रूपणा, असे म्हणून ही मंडळी १००० वॅटची मोटार मागवतात. वरील हिशेब पुन्हा पाहावा. चढाची तूट पन्नास-शंभर वॅटची. ती या मर्यादेत सुखाने भरते. मग उरलेली शक्ती कशासाठी? ती गरजेसाठी नाही, वेगासाठी आहे. आणि साधी सायकल वेगासाठी घडवलेलीच नाही. वेग दुप्पट झाला की गतिजन्य ऊर्जा चौपट होते. ही चौपट ऊर्जा आवरावयाची कोणी? ब्रेकच्या दोन रबरांनी? आषाढात रिम भिजलेली, पुढचा चिमटा खाऱ्या हवेने गंजलेला, आणि समोर उताराचे वळण! अशा वेळी नियम मोडला की नाही, हा प्रश्न गौण होतो.

यावर इतिहासाचा दाखला पुढे केला जातो: होंडा यांनी १९४६ साली लष्करी बिनतारी संचांची जुनी इंजिने सायकलींनाच बसवली नव्हती काय? बसवली, पण ते तेथेच थांबले नाहीत. १९४९ साली त्यांनी इंजिनाबरोबर सांगाडाही स्वतःचा घडवला. आपल्या पुण्याची १९७२ सालची 'लूना' पाहा. तिला पायडले होती, तरी तिचे इंजिन कोणा जुन्या सायकलीवर लादलेले नव्हते; सांगाडा, चाके, ब्रेक सारे त्याच्या बेताने केलेले होते. इतिहासाचा धडा वेगवाद्यांच्या बाजूने नाही, विरुद्ध आहे.

आणखी एक गोष्ट या किनाऱ्याने तरी विसरू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ येथेच आदळले आणि गावोगावी कित्येक दिवस वीज नव्हती. हलकी मोटार जोडलेली सायकल अशा दिवसांतही सायकल राहते. बॅटरी संपली तरी पाय तिला नेतात. वजनदार मोटार व तितकीच वजनदार बॅटरी लादली, की ती पायांनी हाकणे शिक्षा होऊन बसते. म्हणजे मोटार गेली आणि सायकलही गेली.

म्हणून मुलाच्या हट्टापायी मोटार मागवणाऱ्या पालकांस आमचे सांगणे इतकेच: ती किती पळते हे विचारू नका, कोणी पारखली आहे आणि चढावर किती साह्य करते, हे विचारा. दुकानदाराने यावर वेगाची फुशारकी मारली, तर त्याचे दुकान सोडा. पायांना आधार देणे हे यंत्राचे काम आहे. पोराला ब्रेकच्या आवाक्याबाहेर नेणे हे नव्हे.